एलडी असलेल्या कॉलेजच्या मुलांचं करिअर मेंटॉरिंग कसं करायचं

शाळेत असेपर्यंत एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, असलेल्या मुलाचं सगळं आई बघते. मुंबईत सायन नाहीतर नायर रुग्णालयात चकरा आईच मारते, टेस्टिंगच्या तारखा तिच्याच लक्षात, बोर्डाचा फॉर्म, परीक्षेत मुलाचं उत्तर लिहून देणारा रायटर शोधणं, मुख्याध्यापकांशी बोलणं, रेमेडियलच्या बाईंना फोन, सगळं तीच. मग बारावी होते आणि मूल डिग्री कॉलेजला जातं, तिथे एका वर्गात शंभर-सव्वाशे पोरं, कोणाला काय आहे हे सरांना माहितीच नसतं, आणि मुलाने स्वतःहून कधी कोणाला काही सांगितलेलंच नसतं कारण सांगायचं काम कायम आईकडे होतं. टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, प्लेसमेंट सुरू होतात तेव्हा हे एकदम अंगावर येतं. इंटरव्ह्यूला आई बरोबर येऊ शकत नाही ना.

त्यामुळे जे कोणी मेंटॉर व्हायचं म्हणतात, नोकरी करणारे माजी विद्यार्थी असोत, कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामातून, आलेले असोत, प्राध्यापक असोत, त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते की आपल्याला काय जमतं, कुठे अडतं आणि त्यासाठी काय लागतं हे मुलाला स्वतःच्या तोंडाने मागता आलं पाहिजे. तुमचं मुख्य काम ते शिकवण्याचं. सीव्ही, मॉक इंटरव्ह्यू, ओळखीपाळखी हे सगळं त्याच्या मागून येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता. वाचनात अडचण असेल तर डिसलेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, आकड्यांत असेल तर डिसकॅल्क्युलिया, आणि बऱ्याच जणांत दोन एकत्र असतात. बुद्धी कमी आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. आणि मोठं झाल्यावर हे जात नाही, फक्त मूल ते लपवायला शिकतं, हे मेंटॉरने लक्षात ठेवायचं.

पहिली भेट

मार्कांचं काही विचारू नका, केटी किती लागल्या, म्हणजे किती विषय राहिले, तेही नको. लहानपणापासून प्रत्येक नवीन माणसाने यांना तेच विचारलंय. त्यापेक्षा विचारा, गेल्या वर्षभरात असं कुठलं काम केलंस जे कोणी मागे न लागता पूर्ण केलंस? गणपतीत मंडळाची वर्गणी कोणी गोळा केली, ताईच्या लग्नात केटररशी घासाघीस कोणी केली, बिल्डिंगमधल्या आजी-आजोबांचे मोबाईल कोण नीट करून देतं, हे सगळं ऐकायचं आणि तिथल्या तिथे लिहून ठेवायचं, कारण पुढे सीव्हीत आणि इंटरव्ह्यूत हेच कामाला येणारे.

भेट शांत जागी ठेवा, कॅन्टीनच्या गोंगाटात नको, आणि पाऊण तासाच्या वर ताणू नका. दर वेळी तोच वार, तीच वेळ. बऱ्याच जणांचा वेळेचा अंदाज कच्चा असतो त्यामुळे आदल्या दिवशी आणि तासभर आधी मेसेज टाका, आणि तरी उशीर झाला तर बेशिस्त म्हणून मोकळे होऊ नका, घरातून निघताना नेमकं काय झालं ते विचारा, तिथेच पुढच्या नोकरीतला अर्धा प्रश्न सापडतो. सर-मॅडमपेक्षा दादा-ताई म्हणू द्या, या मुलांच्या डोक्यात सर म्हटलं की लाल पेन येतो.

निरोपाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवा. व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज पाठवला तर तो अर्धा वाचून बाजूला पडतो, आणि नुसती व्हॉइस नोट पाठवली तर तारीख-वेळ शोधायला ती परत परत ऐकावी लागते. मला सगळ्यात चांगलं जमलेलं म्हणजे समजावायचं ते व्हॉइस नोटमध्ये, आणि खाली तीन छोट्या ओळी, कधी, कुठे, काय आणायचं.

एक गोष्ट मात्र अगदी कधीच करू नका, मोठ्याने वाचून दाखव असं म्हणू नका. चौथी-पाचवीत सगळ्या वर्गासमोर अडखळत वाचल्यावर जे हसणं ऐकलंय ते वीस वर्षांच्या पोरालाही आठवतं, आणि ते पोर दुसऱ्यांदा तुमच्याकडे येणार नाही असंही होतं.

आधी बघा, मग सल्ला द्या

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत नोकरीची एखादी खरी जाहिरात मोबाईलवर उघडून द्या आणि म्हणा, मनात वाच, घाई नाही, मग मला सांग यात काम काय आहे. आणि तुम्ही गप्प बसा. कोणी शेवटची तारीखच सोडून देतं. कोणी ‘अनुभव आवश्यक नाही’ मधला ‘नाही’ गाळतं आणि म्हणतं हे माझ्यासाठी नाहीये. कोणी सगळं अगदी बरोबर सांगतं, फक्त त्याला बारा मिनिटं लागतात. आता या तिघांचं एलडीचं सर्टिफिकेट एकसारखं असलं तरी गरज तीन वेगळ्या. पहिल्याला जाहिरात फोडायची सवय लावायची, म्हणजे तारीख, पात्रता, पगार, ठिकाण या चारच गोष्टी आधी शोधायच्या. दुसऱ्याने स्वतः वाचल्यावर फोनकडून पुन्हा एकदा वाचून घ्यायचं, अँड्रॉइडमध्ये सिलेक्ट टू स्पीक आहे, वर्डमध्ये रीड अलाउड आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. तिसऱ्याला फक्त वेळ द्या.

आकड्यांचंही तसंच. बीकॉमची एक मुलगी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात इंटर्नशिप करत होती, बिलांवरचे नंबर एक्सेलमध्ये भरायचे, आणि संध्याकाळी टॅली करताना रोज काहीतरी अडायचं. साहेब म्हणाले लक्ष नाही हिचं. आम्ही तिच्या चुका कागदावर एकाखाली एक मांडल्या तर दिसलं की आकडे सगळे बरोबर असतात, जागा बदलते, ५४६३ चं ५४३६. आणि तेही फक्त चार किंवा जास्त आकड्यांच्या नंबरात, आणि बहुतेक दुपारनंतर. मग तीन गोष्टी केल्या. बिलाच्या कागदावर फूटपट्टी ठेवून एका वेळी एकच ओळ उघडी ठेवायची. नंबर जोडीजोडीने मनात म्हणायचा, चौपन्न-त्रेसष्ट. आणि एक्सेलमध्ये स्पीक सेल्स नावाची सोय आहे ती चालू करून कानात हेडफोन, कॉम्प्युटर आकडा बोलतो आणि तिने बोट कागदावर ठेवून जुळवायचं. काम थोडं हळू झालं पण टॅली लागायला लागली, आणि महत्त्वाचं म्हणजे हेडफोन का घालते हे तिने साहेबांना स्वतः सांगितलं. ‘लक्ष नाही’ या शेऱ्यावर तुम्ही थांबलात तर यातलं काहीच हाती लागत नाही, चुका मांडून त्यांचा नमुना शोधायला लागतो, आणि हे बघणं मेंटॉरनेच करायचं कारण ऑफिसात कोणाला तेवढी सवड नसते.

कोणतं क्षेत्र?

इथे माझं मत जरा ठाम आहे. डिसलेक्सिया म्हटलं की लोक लगेच ॲनिमेशन, फोटोग्राफी, हॉटेल मॅनेजमेंट असं सुचवतात. ज्याला आवड आहे त्याने जरूर जावं, पण चित्राची अजिबात आवड नसलेल्या पोराला केवळ एलडी आहे म्हणून तिकडे ढकलणं हा अन्याय आहे. आणि आईन्स्टाईनचा दाखला तर देऊच नका, त्याला डिसलेक्सिया होता याला पुरावा नाही, आणि असता तरी विरारहून लोकलने कॉलेजला येणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग.

पदाचं नाव सोडा आणि रोजचं काम फोडा. ‘बँकेत नोकरी’ म्हणजे एक काम नसतंच. काउंटरवर माणसांशी बोलणं आणि आकडे, लोनच्या माणसाला फिरणं आणि पटवणं, बॅक ऑफिसला दिवसभर केवायसीचे कागद वाचणं. लॅब टेक्निशियनला लेबलं अचूक वाचायला लागतात पण लांब मजकूर क्वचित. सॉफ्टवेअरमध्ये कोड वाचता येतो पण डॉक्युमेंटेशन लिहिताना जीव जातो असे कितीतरी जण आहेत, आणि कोडमधली स्पेलिंगची चूक तर एडिटरच दाखवतो. एका कागदावर वाचणं, लिहिणं, आकडे, बोलणं, वेळ पाळणं असे पाच रकाने करा, त्या कामात आठवड्यातले किती तास कशात जातात ते त्या क्षेत्रातल्या माणसाला विचारून मुलाने स्वतः भरायचं. तुम्ही फक्त फोन नंबर द्या आणि फोन त्यालाच करू द्या. आता डिग्रीत ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, त्याचा यासाठी छान उपयोग होतो, कुठेतरी सही-शिक्का मिळवून मोकळं व्हायच्या ऐवजी जे काम करायची इच्छा आहे तेच तिथे करून बघायचं.

एक तपासून घ्या, दहावीला कोणत्या सवलती घेतल्या होत्या. आपल्या बोर्डात एलडीच्या मुलांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची सोय होती आणि बऱ्याच जणांनी ती घेतलेली असते. त्या वेळी ते योग्यच होतं, पण पुढे एखाद्या कोर्सला किंवा परीक्षेला दहावीचं गणित मागितलं तर तिथे अडतं, त्यामुळे स्वप्नं रंगवायच्या आधी मार्कशीट बघा.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका, आणि एफवायलाच, म्हणजे पहिल्या वर्षालाच, सुरू करा. १९९५ च्या अपंग कायद्यात एलडी नव्हतंच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यातल्या २१ प्रकारांत ते आलं. शाळेत काढलेलं सर्टिफिकेट बऱ्याचदा फक्त बोर्डाच्या परीक्षेपुरतं असतं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा करायची असते आणि १८ व्या वर्षी मिळालेलं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. म्हणजे नेमकं कॉलेजच्या पहिल्या वर्षात हे काम येतं, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांना वाटतं की आता झालं, बोर्ड संपलं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, मुलाने स्वतः, तुम्ही शेजारी बसायचं.

सर्टिफिकेटवर अक्षमतेचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर त्याला बेंचमार्क म्हणतात. तेवढं असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. सरकारी नोकरीत ४ टक्के आहेत, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, एलडी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे, म्हणजे जागा थोड्या आणि माणसं बरीच. शिवाय त्या पदाला एसएलडी (जाहिरातीत एलडीला असं लिहितात) चालतं का ते जाहिरातीत बघावं लागतं. बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत हा गट आयडी (इंटेलेक्चुअल डिसॅबिलिटी) या नावाने असतो, पोरं ते आपलं नाहीच समजून पुढे जातात.

४० च्या खाली असलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात स्पष्ट सांगितलं की रायटर मिळण्यासाठी बेंचमार्क असलंच पाहिजे असं नाही. त्या उमेदवाराला हाताने लिहिताना अडचण होती आणि टक्केवारी ४० च्या बरीच खाली होती. त्यानंतर २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ४० च्या खालच्यांसाठी, ज्यांना लिहिण्यात अडचण आहे त्यांच्यासाठी, वेगळ्या सूचना काढल्या. जिथे रायटर लागू होतो तिथे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. कॉलेजमध्ये समान संधी कक्ष असेल तर तिथे अर्ज द्या, आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते, पोच घ्या.

अभ्यासाच्या पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ ला सुरू झाली, छापील वाचता न येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, फक्त अंधांसाठी नाही. हे एलडीवाल्यांना कोणी सांगतच नाही.

सांगायचं की नाही सांगायचं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी हे मान्य करा की निर्णय मुलाचा आहे, तुमचा नाही, आईबाबांचाही नाही. तुम्ही न विचारता ओळखीच्या एचआरला ‘हा एलडीचा आहे हं, जरा सांभाळून घ्या’ असं कधीही सांगू नका, चांगल्या मनाने सांगितलंत तरी ते त्याच्या पाठीमागे बोलणंच झालं.

मी अशी विभागणी करून देते. ॲप्टिट्यूड टेस्ट वेळ लावून असेल आणि वाचायला वेळ लागत असेल तर आधी सांगावंच लागतं, कारण टेस्ट झाल्यावर जादा वेळ मागून उपयोग नाही. टेस्टची लिंक आली की उघडायच्या आधी एचआरला किंवा कॉलेजच्या टीपीओला, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या ऑफिसरला, मेल, सर्टिफिकेट जोडून, किती जादा वेळ हवा ते आकड्यात लिहून. खासगी कंपनी प्रत्येक वेळी हो म्हणेलच असं नाही, पण वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण ठेवावं लागतं आणि लायझन ऑफिसर नेमावा लागतो, त्यामुळे अर्ज करतानाच कंपनीच्या साइटवर ते धोरण शोधा, सापडलं तर मेल त्याचा उल्लेख करून लिहिता येतो. टेस्ट नसेल, नुसता इंटरव्ह्यू असेल आणि बोलण्यात काही अडचण नसेल, तर ऑफर लेटर हातात येईपर्यंत थांबलं तरी चालतं, त्यात लपवाछपवी काही नाही.

सांगायचं ठरलं की तीन वाक्यं तयार करून घ्या. पहिलं, काय आहे. दुसरं, कामात ते कसं दिसतं. तिसरं, काय मिळालं की काम चोख होतं. उदाहरणार्थ, ‘मला डिसलेक्सिया आहे. लांब मेल वाचायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण ऐकलेलं मी विसरत नाही. कामाच्या सूचना तोंडी देऊन खाली दोन ओळींत लिहून मिळाल्या तर मी वेळेत काम देतो.’ यात माफी नाही आणि कौतुकही नाही. ‘थोडा प्रॉब्लेम आहे मला’, ‘सॉरी सर माझं स्पेलिंग चुकतं’ अशी सुरुवात झाली की थांबवा आणि परत म्हणायला लावा, दहादा म्हणायला लागलं तरी चालेल. तुमच्यासमोर जमलं की तुमच्या ओळखीच्या पण त्याला अनोळखी असलेल्या एखाद्या माणसासमोर म्हणायला लावा. मग कॉलेजमधल्या एका सरांना जाऊन खरंच सांगायचं, पुढच्या व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी. इंटरव्ह्यूची खरी तयारी तिथे होते.

काही मुलांना शब्द ऐनवेळी सुचत नाहीत. त्यांना सांगा की ‘मला दहा सेकंद द्या’ असं म्हणणं इंटरव्ह्यूत चालतं, आणि प्रश्न लांबलचक असेल तर ‘तुम्ही दोन गोष्टी विचारल्या, आधी पहिली सांगतो’ असं म्हणून उत्तर द्यायचं. सीव्ही एका पानाचा, मोठा फॉन्ट, वाक्यं छोटी, आणि स्पेलिंग तुम्ही तपासा, बिनधास्त, यात शिकवायचं काही नाही, ऑफिसातही मेल दुसऱ्याकडून तपासून घेणारे लोक असतातच. मजकूर मात्र त्याने बोलून सांगायचा, गुगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठीतही चालतं, आधी मराठीत बोलून मग इंग्रजी केलं तर सीव्ही त्याचा स्वतःचा वाटतो.

आईबाबा

आईला बाजूला सारू नका, तिचा अपमान होईल असं तर मुळीच वागू नका, पंधरा वर्षं तिने एकटीने खिंड लढवलीय. पण तिचा फोन आला की मुलाला न विचारता काही सांगू नका, आणि तिला एक ठरावीक काम द्या, जुने सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून स्कॅन करून मुलाच्या ताब्यात देणं. बाबांचा सूर बऱ्याच घरी ‘हे सगळं आळशीपणाचे चोचले’ असा असतो. वाद घालू नका. पोराने सोडवलेला एखादा खरा कामाचा प्रश्न त्यांना दाखवा, एक्सेलची शीट दाखवा.

आणि काही मुलं अशी भेटतील ज्यांची कधी तपासणीच झाली नाही, विशेषतः मराठी माध्यमातून आणि छोट्या गावातून आलेली, ज्यांना कायम ‘इंग्रजी कच्चं आहे’ एवढंच सांगितलं गेलं. जोडाक्षरं, वेलांट्या, उकार यांतही तितकंच अडत असेल, मराठी वाचायलाही तेवढाच वेळ लागत असेल, तर तपासणीचा विषय हळूच काढा. निदान तुम्ही करू नका. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत एलडीचं काम चालतं, आणि १९९६ पासून महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करायची. नंबर लागायला वेळ लागू शकतो म्हणून टीवायची वाट बघू नका.

नोकरी लागल्यावर

बरेच मेंटॉर इथे हात झटकतात आणि नेमकी इथेच गरज असते. पहिले तीन महिने दर आठवड्याला वीस मिनिटं फोन ठेवा. विषय ठरलेले, या आठवड्यात कोणी काय काम दिलं, कुठलं राहिलं, कुठे भीती वाटली. मीटिंगमध्ये ऐकता ऐकता लिहिणं बहुतेकांना जमत नाही, परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं किंवा मीटिंग संपल्यावर लगेच साहेबांना ‘मी असं समजलो, बरोबर ना’ एवढा एक मेसेज टाकायचा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात साहेबांचाही गोंधळ निस्तरतो. ऑफिसात एक सहकारी असा शोधायला लावा जो बाहेर जाणारे महत्त्वाचे मेल नजरेखालून घालेल, आणि त्या बदल्यात आपण त्याचं काहीतरी करून द्यायचं, एकतर्फी उपकार फार दिवस टिकत नाहीत.

प्रोबेशन संपलं की फोन महिन्यावर आणा. एक मात्र आधीच सांगून ठेवा. बॉस बदलला की ती तीन वाक्यं नवीन माणसाला पुन्हा सांगावी लागतात, जुन्या साहेबांनी सांगितलं असेल असं धरून पोरं गप्प बसतात आणि सहा महिन्यांनी अप्रेझलला फटका बसतो, तेव्हा मुलाला सांगा, ‘बदलीची बातमी कळली की त्याच संध्याकाळी मला फोन कर, तीन वाक्यं एकदा म्हणून दाखव आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बोल.’